धुरपदाबाईची टाच

एका जंगलात पाय जवळजवळ सगळ्यांना होते, मुलांनो, पण टाच फार थोड्यांना होती.

हसू नका. उद्या घरच्या मांजरीला चालताना नीट बघा. ती बोटांवर चालते. कुत्राही बोटांवर चालतो. हरणाचं तर विचारूच नका, ते नखांवर चालतं आणि त्या नखांना आपण खूर म्हणतो. या सगळ्यांची टाच वर हवेत असते. तुमच्याआमच्यासारखी टाच टेकून धप्प धप्प चालणारं मोठं जनावर त्या जंगलात एकच होतं. ते म्हणजे अस्वल.

आणि अस्वलही त्या जंगलात एकच उरलं होतं. तिचं नाव धुरपदा. पोक्त वयाची, भरल्या अंगाची, काळ्याभोर केसांची. तोंडानं फटकळ, पण कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सगळं जंगल तिला धुरपदाबाई म्हणायचं.

धुरपदाबाईचं एक मोहाचं झाड होतं. नाल्याच्या काठावर, तिच्या गुहेपासून सातशे पावलांवर. आधी ते तिच्या आईकडे होतं. चैत्रात पहाटे त्याची फुलं टपटप गळायला लागत. महिनाभर ती फुलं खायची, अंगावर चरबी चढवायची आणि तेवढ्यावर पावसाळ्यापर्यंत रेटायचं, असा तिचा संसार. झाड गेलं की तिचं वर्ष गेलं, हे तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.

आता गंमत अशी, की हे झाड दरवर्षी नव्यानं मिळवावं लागे. जंगलाचा रिवाजच तसा होता. पहिलं फूल पडेल त्या पहाटे झाडाच्या बुंध्याशी ओल्या मातीत जो आपलं पूर्ण पाऊल उमटवील, त्याचं झाड. पूर्ण म्हणजे पूर्ण. जेवढं पाऊल देवानं दिलं असेल तेवढं सगळं दिसलं पाहिजे. हरणानं खूर उमटवले की झालं. अस्वलाला मात्र बोटं, तळवा आणि टाच, तिन्ही दाखवावी लागत. शिवाय उमटलेल्या पावलाशेजारी साक्षीदाराचं पाऊल उमटावं लागे. त्याशिवाय ठसा खरा धरत नसत.

साक्षीदार होता बगळा. पांढरपट्टे सर. ते कायम एका पायावर उभे असत, म्हणून ते कुठल्याच बाजूला झुकत नाहीत, अशी जंगलाची ठाम समजूत होती. समजुतीच त्या, कशाही होतात.

तर त्या वर्षी मार्गशीर्षात एके सकाळी धुरपदाबाई उठली, पहिलं पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसली.

"अवं माय वं!"

उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखी कळ आली होती. तिनं टाच चाटून पाहिली. काटा नव्हता. दहावीस पावलं लंगडत गेल्यावर कळ जराशी विरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं रुईचं पान उन्हात तापलेल्या दगडावर गरम करून टाचेला लावलं. त्यानं बरं वाटलं, पण संध्याकाळपर्यंतच. उजाडलं की पहिलं पाऊल तिचं वैरी व्हायचं.

मग ती चवड्यावर चालायला लागली. आणि ओल्या मातीत तिचं पाऊल बिनटाचेचं उमटायला लागलं.

हे पहिल्यांदा पाहिलं नत्थूजींनी. नत्थूजी म्हणजे रानडुक्कर. मोहफुलांचा त्यांना भारी सोस, आणि त्यांचं पूर्ण पाऊल म्हणजे काय, तर नुसते खूर. ते तिच्या ठशांना हुंगत हुंगत गुहेपर्यंत आले.

"काय म्हणते टाच, बाई?" त्यांनी फार मायेनं विचारलं.

"दुखते."

"मंग आराम करा जी. घाई नोको. चैत्र काय, दरसाल येते."

धुरपदाबाईनं मनाशी हिशेब केला. पहिलं फूल पहाटे पडणार. पहाटेचं पाऊल म्हणजे दिवसाचं पहिलं पाऊल. आणि नेमकं तेच तिला टाकवत नव्हतं. तिनं त्याच दिवशी ठरवलं, की इंजेक्शन घ्यायचं.

जंगलात टोचणारे तिघे होते. नाल्याच्या उतारावरच्या उंबराखाली एका ओळीत बसायचे.

पहिले इंगळे वैद्य. हे विंचू. "बाई, माझं काम रोखठोक," ते नांगी वर करून म्हणाले. "आत्ता टोचतो, संध्याकाळी नाचायला लागाल. महिन्यानं परत दुखेल, तेव्हा परत या. मी इथंच आहे."

दुसरी जळूबाई. तिचं काम सावकाशीचं. "मी बाहेरचं काही देत नाही हो," ती लडिवाळपणे म्हणाली. "तुमचंच रक्त घेते, वेलीला लटकून गरगर फिरते, चांगलं रक्त खाली बसलं की तुमचंच तुम्हाला परत टोचते. गुण यायला तीन महिने लागतात, पण टिकतो."

"फिरून फिरून तुमाले गरगरत नाही का?"

"गरगरतं ना. कधीकधी कुणाचं रक्त होतं तेच आठवत नाही."

तिसरा डास. तो काहीच बोलला नाही. त्याच्याजवळ डबक्याचं साधं पाणी होतं. पण तो इतका गंभीर चेहरा करून बसायचा, की त्याच्याकडेच सगळ्यांत मोठी रांग असायची.

धुरपदाबाईनं थोडा विचार केला. तीन महिने कळ सोसवणार नव्हती. दर महिन्याला टोचून घेत चैत्रापर्यंत निभावलं तरी पुष्कळ होतं. तिनं इंगळे वैद्यांपुढे पाय केला. नांगी खाली येणार, इतक्यात वरून आवाज आला.

"थांबा! तुलना झाली आहे का?"

पांढरपट्टे सर काठावर उभे होते. एका पायावर.

"कसली तुलना जी?"

"तीन उपचार आहेत. तिन्हींत श्रेष्ठ कोणता, हे सिद्ध झाल्याशिवाय एकही घेणं हा अडाणीपणा आहे."

"मी तिघायचंही घेऊन पायते मंग. ज्यानं थांबलं, ते बरं."

सरांनी डोळे मिटले. त्यांना मनापासून वेदना झाल्या. "बाई, एकट्या तुमचं बरं होणं म्हणजे पुरावा नव्हे. तो योगायोग."

इथं तुम्हाला एक गुपित सांगायला हवं. बगळ्याच्या पायाच्या मध्यावर जो मागे वाकलेला सांधा दिसतो ना, त्याला आपण गुडघा समजतो. तो गुडघा नाही. ती त्याची टाच आहे. म्हणजे पांढरपट्टे सरांची टाच जन्मापासून वीतभर हवेत होती, आणि तिनं मातीची चव म्हणून चाखली नव्हती. टाचदुखीवर त्यांच्याइतकं अधिकारानं बोलणारं जंगलात दुसरं कुणी नव्हतं, ते यामुळेच.

लगोलग टाचदुखी तुलना समिती बसली. अध्यक्ष सर. चिटणीस कमठे नावाचं कासव. कमठे फार सज्जन, नियम तोंडपाठ, फक्त समितीला पोचायला दोन दिवस लागत.

सरांनी जाहीर केलं, की तुलनेला साठ रुग्ण लागतील. इंगळे वैद्यांना वीस, जळूबाईला वीस, डासाला वीस.

"सर," कमठे मान बाहेर काढून म्हणाले, "जंगलात टाच दुखणारं एकच आहे."

"मग नोंदणी वाढवा."

"टाच असलेलेच फारसे नाहीत."

सरांनी क्षणभर विचार केला. "टाच नसणं हा नोंदणीला अडथळा ठरू नये," ते म्हणाले. कमठ्यांनी ते वाक्य मातीत लिहून घेतलं. असा एक नियम झाला.

नोंदणी करणाऱ्याला मूठभर बोरं मिळतील, अशी दवंडी पिटली. पौषाचे दिवस, बोरं पिकलेली. मग काय विचारता! हरणं आली, ससे आले, मोर आले. नाल्यातले मासे काठाला येऊन तोंड उघडून वाट बघायला लागले. एक धामण आली, तिला तर पायच नव्हते. कमठ्यांनी तिच्या नावापुढे लिहिलं, 'टाच: अद्याप नाही. दुखणं: अद्याप नाही. बोरं: दिली.' दोन दिवसांत साठ भरले.

धुरपदाबाई लंगडत लंगडत आली तेव्हा रांगेत ती एकसष्टावी होती.

"तुम्हाला खरंच दुखतं का?" सरांनी विचारलं.

"खरंच म्हंजे? उठलं का जीव जाते माहा!"

"मग अवघड आहे," सर म्हणाले. "बाकी साठांना दुखत नाही. त्यांच्यात तुम्हाला घेतलं तर सरासरी बिघडेल."

मुलांनो, धुरपदाबाई मोठ्या अंगाची होती आणि एरवी तिनं एक थप्पड दिली असती तर सर थेट पलीकडच्या काठाला गेले असते. पण तिला बरं व्हायचं होतं. बरं व्हायचं असलेला प्राणी फार गरीब होतो. तिनं हात जोडले.

"मले कुठीतरी बसवा जी. चैत्रात माहं झाड जाते."

सरांना दया आली. त्यांनी तिच्यासाठी खास चौथा गट काढला. त्याचं नाव 'वाट पाहणारा गट'. त्यात ती एकटी. या गटाला काहीच टोचायचं नव्हतं. त्यानं फक्त वाट पाहायची.

वाट पाहायची जागाही नेमून दिली. नाल्याच्या उतारावर खडकाची एक पायरी होती. ती इतकी अरुंद, की तिच्यावर फक्त चवडे मावत आणि टाचा मागे अधांतरी राहून खाली झुकत. रोज उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईस्तोवर तिथं उभं राहायचं. नंतर शेजारी बसायचं. नंबर कधीही पुकारला जाईल. पुकारला आणि जागेवर नसलं, तर नाव खोडलं जाईल.

म्हणून धुरपदाबाई कुठं जाईनाशी झाली. झाडावर चढून धपकन उडी मारणं बंद. रात्रभर रानोमाळ हिंडणं बंद. शेजारी वाळवीचं एक मोठं वारूळ होतं, त्यातली वाळवी ओढून खायची आणि बसायचं. रोज सकाळी पायरीवर चवडे टेकायचे, टाचा खाली सोडायच्या आणि कळ दाबत उभं राहायचं. पोटऱ्या ताणून ताणून दोरखंड झाल्या.

"माहा नंबर कदी येईल जी?" ती कमठ्यांना विचारायची.

"आपला गट वाट पाहणारा आहे, बाई," कमठे हळुवारपणे म्हणायचे. "नंबर आला तर गट बिघडेल."

इकडे तुलना जोरात सुरू झाली.

सरांचा कटाक्ष होता, की कुणी कुणाला काय टोचलं हे कुणालाच कळता कामा नये. कळलं की मन फितूर होतं. म्हणून सगळ्या रुग्णांच्या डोळ्यांवर सागाची पानं बांधली. मग सरांना वाटलं, टोचणाऱ्यांचंही मन फितूर होऊ शकतं. म्हणून त्यांच्याही डोळ्यांवर पानं बांधली. शेवटी, आपण स्वतः तरी मोठे कोण लागून गेलो, असा प्रामाणिक विचार करून त्यांनी आपल्याही डोळ्यांवर पान बांधून घेतलं, आणि हुकूम दिला, "टोचा!"

पुढचा अर्धा दिवस नेमकं काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. आवाज मात्र खूप आले. इंगळे वैद्यांनी चुकून तीन वेळा उंबराच्या मुळीला टोचलं. सशांपैकी एकाला जळूबाईनं मोराचं रक्त टोचलं आणि तो पुढे पावसाळाभर कान पसरून उभा राहायचा, असं म्हणतात. डासानं मात्र वीसच्या वीस रुग्ण उरकले आणि तसाच गंभीर बसून राहिला.

आता दुखणं मोजायचं. दुखणं डोळ्याला दिसत नाही, मुलांनो, म्हणून त्या जंगलात ते कण्हण्यावरून मोजत. कण्हणं किती झाडांपर्यंत ऐकू गेलं, तितक्या झाडांचं दुखणं. दोन झाडांचं म्हणजे किरकोळ. दहा झाडांचं म्हणजे जबर.

धामणीचं कण्हणं टोचण्याआधी शून्य झाडं. टोचल्यावरही शून्य.

"उत्कृष्ट!" सर म्हणाले.

माशांचं शून्य. मोरांनी कण्हण्याऐवजी केकारव केला, तो आनंदाचा धरला. हरणं तेवढी इंगळे वैद्यांच्या हातून सुटल्यावर अकरा झाडांपर्यंत ओरडली.

"सर, यांचं दुखणं वाढलेलं दिसतं," कमठे म्हणाले.

"कुठं दुखतंय त्यांना?"

"एकाला कानाला, दुसऱ्याला शेपटीला."

"आपला अभ्यास टाचेचा आहे," सर म्हणाले. "ते धरू नका."

फाल्गुन सरता सरता अहवाल तयार झाला. सगळं जंगल उंबराखाली जमलं. धुरपदाबाई पायरीवरून ऐकत होती. सरांनी घसा साफ केला.

"तिन्ही उपचार सारखेच गुणकारी ठरले आहेत," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तिन्ही टोचणारे एकमेकांकडे बघून हसले. आपला उपचार हरला नाही, एवढंच प्रत्येकाला हवं होतं.

"परंतु," सर पुढे म्हणाले, "आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. बारकाईनं पाहता असं आढळलं, की ज्या रुग्णांना टाच नाही, त्यांचा निकाल सर्वांत उत्तम आहे. त्यांची टाच एकदाही दुखली नाही. तेव्हा समितीची शिफारस अशी, की टाचदुखीवर टाच काढून टाकणं हाच खात्रीचा उपाय होय."

तेवढ्यात नाल्याच्या डोहातून एक खर्जातला आवाज आला.

"मी काढून देईन हो," मगर म्हणाली. "सेवा म्हणून."

कुणीतरी गहिवरून नाक ओढलं. नत्थूजी होते ते.

"चैत्राच्या पाडव्याला सकाळी," सरांनी तारीख दिली. "वाट पाहणाऱ्या गटानं डोहावर हजर राहावं."

टाच गेली तर पूर्ण पाऊल कसलं आणि झाड कसलं! धुरपदाबाई पायरीवरून तशीच निघाली आणि गुहेकडे पळत सुटली. सातशे पावलं ती पळाली. गुहेच्या तोंडाशी आल्यावर थबकली.

ती पळाली होती. तेही टाचा टेकून.

तिनं उजवी टाच जमिनीवर हळूच दाबली. मग जरा जोरात. मग दणदण आपटली. काही नाही. दुसऱ्या दिवशी ती उठली, डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं पाऊल टाकलं. काही नाही! तीन महिने बसून, ताणून, न हिंडता ती टाच गुपचूप आपली आपण बरी होऊन गेली होती, आणि धुरपदाबाईला चिंतेपायी ते कळलंही नव्हतं. तिला रडू आलं. आधी आनंदानं, आणि मग इतके दिवस त्या पायरीवर हात जोडून उभी राहिली याच्या रागानं.

ती तडक सरांकडे गेली.

"माही टाच बरी झाली जी. मगरीले सांगा, येऊ नोको."

सरांनी अहवालात पाहिलं. "अहवालात तसं नाही."

"अहवालात नसन. पायात हाय ना पण! पाहा." तिनं टाच आपटली. धूळ उडाली.

"बाई, तुम्हाला काहीही टोचलेलं नाही. मग तुम्ही बऱ्या कशा व्हाल? तुम्हाला बरं वाटतंय, हा तुमचा गैरसमज आहे. अहवालानुसार तुमची टाच वैशाखापर्यंत दुखते."

"आन् नाही दुखली तं?"

"तर अहवाल चुकेल," सर म्हणाले.

मोहानं त्या वर्षी चैत्र लागायचीही वाट पाहिली नाही. पाडव्याच्या दोन दिवस आधी, पहाटेच्या अंधुक उजेडात त्याचं पहिलं फूल पडलं.

धुरपदाबाई आधीच तिथं बसलेली होती. पलीकडून नत्थूजी आले. काठावर सर उभे होते, डावा पाय मातीत आणि उजवा पोटाशी घेतलेला. कमठेही होते, कारण ते परवाच निघाले होते.

फूल टपकलं त्यासरशी धुरपदाबाई पुढे झाली. बुंध्याशी ओल्या मातीत तिनं उजवं पाऊल ठेवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. पाऊल उचललं. पाच बोटं, रुंद तळवा, आणि मागे गोल, खोल, स्वच्छ टाच. तिच्या आईचं पाऊल अगदी असंच उमटायचं.

"साक्ष द्या जी," ती म्हणाली.

सर हलले नाहीत. "हा ठसा मला मानता येत नाही."

"काहून?"

"यात टाच आहे."

"टाच तं पायजेच ना!"

"दुखरी टाच इतकी खोल उमटणं शक्य नाही. आणि तुमची टाच दुखरी आहे. तेव्हा हा ठसा तुमचा नाही."

"तुमच्या डोयापुढं उमटवला ना जी मी आत्ता!"

"डोळ्यांवर विसंबायचं नसतं, म्हणून तर आपण पानं बांधतो," सर शांतपणे म्हणाले.

नत्थूजींनी तेवढ्यात चटकन पुढे होऊन चिखलात खूर रोवले. लहानसा, नीटनेटका ठसा. "माहा पूर्ण हाय जी," ते नम्रपणे म्हणाले. "टाचेची भानगडच नाही."

"निर्दोष," सर म्हणाले. आणि साक्ष देण्यासाठी पोटाशी घेतलेला उजवा पाय त्यांनी सावकाश खाली सोडायला सुरुवात केली, नत्थूजींच्या ठशाच्या दिशेनं.

धुरपदाबाईनं झाडाकडे पाहिलं. आणखी दोन फुलं पडली. मग तिनं सरांच्या पायाकडे पाहिलं. तिच्या मनात फार काही मोठा विचार आला नाही. तिनं फक्त एक पाऊल पुढे टाकलं आणि आपली बरी झालेली उजवी टाच, वर ज्वारीच्या भरल्या पोत्याएवढा देह घेऊन, सरांच्या मातीतल्या डाव्या पायाच्या बोटांवर टेकवली.

सर ओरडले. कसे ओरडले म्हणून सांगू! झाडांवरची पाखरं उडाली. डोहातली मगर तळाशी गेली. आणि त्या झटक्यात त्यांचा हवेतला उजवा पाय आपोआप, धप्पकन खाली आला. तो पडला नेमका धुरपदाबाईच्या ठशाशेजारी.

तिनं टाच उचलली. दोन्ही पाऊलखुणा चिखलात शेजारी शेजारी होत्या.

"दुखते का जी?" तिनं विचारलं.

"दुखतंय!"

"अहवालात हाय का?"

नत्थूजी तरातरा पुढे आले. "हे साक्ष नव्हे! हे तं वरडनं होतं!"

कमठ्यांनी मान लांब करून दोन्ही ठसे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले, कारण त्यांना घाईच माहीत नव्हती. "रिवाजात साक्षीदाराचं पाऊल शेजारी उमटावं असं आहे," ते म्हणाले. "ते राजीखुशीनं उमटावं असं कुठं नाही. झाड बाईंचं."

धुरपदाबाईनं पहिलं फूल उचलून तोंडात टाकलं. मग दुसरं. मग ती बुंध्याला टेकून, दोन्ही टाचा पुढे पसरून बसली आणि खात राहिली. पाडव्याला मगर डोहावर वाट बघत होती, पण वाट पाहणारा गट तिकडे फिरकलाच नाही.

सरांचा पाय मात्र चांगलाच सुजला. त्यांना आता त्या पायावर उभं राहवेना, आणि दुसऱ्या पायावर उभं राहायची कधी सवयच नव्हती. चौथ्या दिवशी ते उड्या मारत उंबराखाली आले आणि इंगळे वैद्यांपुढे पाय केला.

"थांबा, सर," कमठे म्हणाले. "तुलनेशिवाय एकही घेऊ नये, असा आपलाच नियम आहे. तुमचं नाव नव्या तुलनेत घालू का?"

"घाला, घाला! लवकर घाला!"

"दुखतंय ते बोट आहे, टाच नाही. पण टाच नसली तरी चालतं." कमठ्यांनी मातीत लिहायला सुरुवात केली. मग थांबून त्यांनी वर पाहिलं. "खरंच दुखतंय का, सर?"

"अहो, खरंच! एकावन्न झाडांपर्यंत ऐकू गेलं!"

कमठ्यांनी हळहळत लिहिलेलं पुसलं.

"मग अवघड आहे," ते म्हणाले. "नाल्यात एक पायरी आहे. तिथं जाऊन उभे राहा."

तात्पर्य: मुलांनो, कुठलंही दुखणं अहवाल येण्याआधी बरं होऊ देऊ नये. आणि आपल्या हातून चुकून झालंच बरं, तर ते तज्ज्ञांना समजावून सांगत बसू नये. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं. अगदी शेजारी.